नावाआधीचं श्री

लग्नसराईत आमच्या प्रेसमध्ये शोकपत्रिका दिवसाच्या शेवटी छापतात. यामागे भावना आहे आणि शाईही आहे. लालनंतर काळी सहज चालते. काळीनंतर लाल लावायची तर रोलर कितीही धुतले तरी नवरीचं नाव मळकट येतं. त्यामुळे माय गेली तेव्हा तिच्या गंधमुक्तीची, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीची, पत्रिकाही रांगेत शेवटीच लागली. मशीन मी चालवतो, तेव्हा ती रांग मीच लावली.

मी मराठीत एम.ए. केलं आणि जळगावातल्या या प्रेसमध्ये ऑफसेट मशीनवर उभा राहिलो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असावा, असं घरचे बरीच वर्षं समजत होते.

संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या ताईंकडे शोकपत्रिकेचा साचा तयार असतो. नावं तेवढी बदलायची. बाई गेलेली असेल तर त्या एकच प्रश्न विचारतात, सौ. की गं.भा.? म्हणजे नवरा मागे आहे की आधीच गेलाय. मलाही त्यांनी विचारलं, फक्त या वेळी मान वर केली नाही. मी सौ. म्हणालो.

प्रूफ मी पिंप्राळ्याला घरी नेलं. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. माय गेल्यापासून ते कशालाही हो म्हणत. चहा ठेवू का, हो. राहू दे का, हो. पत्रिका मात्र त्यांनी चष्मा मागवून वाचली. सौ.वर बराच वेळ थांबले. मग विचारलं, की ते स्वतः आधी गेले असते तर तिच्या नावाला काय लागलं असतं. मी सांगितलं, गं.भा.

"मंग आते मन्हा नावना म्होरे काय लावशी?"

मी विचार केला. विधुर हा शब्द शाळेच्या पुस्तकात, लिंग बदला या प्रश्नाखाली सापडतो. पत्रिकेवर तो कुणी छापत नाही. पुरुषाला वेगळं काही लागत नाही, श्री. असतं तेच राहतं, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी श्री म्हणजे काय ते विचारलं. असे प्रश्न मला सहसा कुणी विचारत नाही, म्हणून मी नीट उत्तर दिलं. श्री म्हणजे लक्ष्मी, शोभा, घराची भरभराट.

"मंग ती ते गयी," आबा म्हणाले. "काढी टाक."

माय गेल्यावर त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. ती आपल्याला देता यायला हवी, असं मला वाटलं.

ताईंनी श्री काढलं. पण शोकपत्रिका आमचे शेठ स्वतः तपासतात. त्यांच्या मते लग्नपत्रिकेतली चूक लोक हसून सोडतात, शोकपत्रिकेतली पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांना श्री दिसलं नाही. त्यांनी ते घालून घेतलं आणि छपाईची प्लेटही बनवून आणवली. संध्याकाळी ती माझ्या हातात आली तेव्हा वडिलांच्या नावाआधी श्री. ठळक बसलेलं होतं.

मी शेठना म्हणालो की ते मुद्दाम काढलं होतं.

"मुद्दाम कोण काढतं? वडील आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

मग मी आबा काय म्हणाले ते सांगितलं. शेठनी घड्याळ पाहिलं. प्लेट बाहेरून करून आणावी लागते आणि ते दुकान तोवर बंद झालं होतं. आबांचे थोरले भाऊ, आमचे नाना, गठ्ठा घेऊन धुळ्याच्या बसने निघायचे म्हणून बाकावर बसून होते. तिकडच्या गावांत पत्रिका तेच वाटणार होते.

प्लेटवरचं नको ते अक्षर उडवायला आमच्याकडे एक पेन असतं. आत उग्र वासाचं रसायन. ते अक्षर खातं, पण कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. श्रीला लागूनच आबांच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. ते गेलं असतं तर पत्रिकेवर आबा दुसऱ्याच नावाने शोक करताना दिसले असते. मी पेन टेकवलं. शेठनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि हळूच म्हणाले, "नावाला सांभाळ."

श्री गेलं. त्या जागी एका अक्षराएवढा कागद कोरा राहिला, कारण प्लेटवर नाव मागेपुढे सरकवता येत नाही. नानांनी गठ्ठा न वाचताच पिशवीत टाकला आणि बस गाठली.

गंधमुक्तीला नाना परत आले ते माझ्यावर चिडूनच. प्रत्येक गावात कुणीतरी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना माझ्या वतीने माफी मागावी लागली होती. एका गावात तर शाळामास्तरांनी पेनाने श्री लिहून पत्रिका भिंतीला लावली. नानांनी हे सगळं मंडपात, चार लोकांत सांगितलं.

"दुनियाना लगीनमा श्री छापस, आनि बापनं खाई गया?"

लोक हसले. दहा दिवस सगळे गप्प होते, त्यांनाही बरं वाटलं असावं. मी उत्तर द्यायच्या आत आबा बोलले.

"पडेल नई शे, नाना. काढेल शे."

"का बरं?"

"ती गयी ना."

नानांनी खिशातून पत्रिका काढली आणि हात लांब करून धरली. शोकाकुल या शब्दाखाली पहिलं नाव आबांचं, दुसरं नानांचं होतं. नानांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन कित्येक वर्षं झाली होती. त्यांच्या पत्रिकेत काय छापलं होतं ते आता कुणाच्या लक्षात नव्हतं. या पत्रिकेत मात्र नानांच्या नावाआधी श्री. होतं.

"मंग मन्हं का राही गयं?" त्यांनी मला विचारलं. आवाज उतरला होता.

मी म्हणालो, तुम्ही तसं सांगितलं नव्हतं.

"कोनी इचारंच नई," नाना म्हणाले.

आबा सतरंजीवर थोडे बाजूला सरकले, नानांना बसायला जागा झाली.