विश्रांतीचे तास

जहाजावर तो चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी; खलाशी त्याला तोंडावर ‘चीफसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘दादा’. बावीस वर्षांत त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. “जमेल ना?” एवढंच विचारायचा, पण इतक्या मायेने की नाही म्हणायला जीभ रेटत नसे. कॅप्टनला त्याचं भारी कौतुक. कामं वेळेत, कुरकुर नाही, कागद स्वच्छ.

कागद स्वच्छ असत, कारण महिन्याच्या पहिल्याच दिवशी तो विश्रांतीच्या कोऱ्या तक्त्यांवर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवी आणि पुढे रोज प्रत्येकाच्या नावावर नियमाप्रमाणे दहा तासांची विश्रांती भरून टाकी. खलाशी म्हणत, “साहेब, आमच्यापेक्षा आमचा कागदच जास्त झोपतो!” तोही हसायचा.

त्या दुपारी जहाज धक्क्याला लागत होतं. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, टाक्या धुऊन आडवा झाला होता. चीफने त्याला उठवलं.

“जमेल ना, सारंग?”

“तुम्ही म्हणताय म्हणजे जमलंच.”

तासाभरात सैल दोर एकदम ताणला गेला. सारंगाचा पाय त्याच्या वेटोळ्यात होता. घोट्याचा चुरा झाला.

चौकशीत तो तक्ता निघाला. “दहा तास विश्रांती. बरोबर?” अधिकाऱ्याने विचारलं. चीफ “हो” म्हणाला. अहवालात सारंगाचा निष्काळजीपणा लिहिला गेला.

चार महिन्यांनी, सुट्टीवर आल्यावर, तो सारंगाच्या घरी गेला. सारंग खिडकीशी स्टुलावर पाय टाकून बसला होता. बायको इस्त्री करत होती.

“या साहेब! आता बघा, झोपच झोप,” सारंग हसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “चौतीस वर्षं दोर हाताळले आणि शेवटी पाय वेटोळ्यात. लेकीला सांगितलं, तुझा बाप गाफील राहिला.”

सफरचंदांची पिशवी अजून त्याच्या हातातच होती.

“तुम्ही गाफील नव्हता. आदल्या दिवसापासून तुम्हाला धड झोप नव्हती. मला ठाऊक होतं. तरी चौकशीत मी हो म्हणालो.”

इस्त्री थांबली.

“आणि चार महिने मिठाची गुळणी धरून बसलात?” बायको म्हणाली.

“नोकरी होती, वहिनी.”

“यांची नव्हती?”

तिने लेकीची वही आणि पेन त्याच्यापुढे आपटलं. “लिहा. त्या अधिकाऱ्याला. तुमच्या हाताने.”

त्याने जहाजाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. दहा-दहा तास झरझर भरणारा हात पुढे सरकेना. सारंग त्याच्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर बघतच म्हणाला, “आदल्या दुपारी चारला टाकीत उतरलो. तिथून धरा.”

दोघांनी एकेक तास लावत आणला. “म्हणजे झोप तीन तास,” चीफ म्हणाला.

“दोन. तिसऱ्यात तुम्ही हाक मारलीत.”

त्याने दोन लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.