घटाशेजारची रोपं

लेकीनं गच्चीवर पाइप उभा केला, त्या दिवशी शेजारच्या खाला जिन्यातच थांबून हसत सुटल्या. पाइप माणसापेक्षा उंच, पांढरा, जाड, आणि त्याला चहूबाजूंनी भोकं पाडलेली. भोकं त्यांच्याच घरच्या नळफिटिंगच्या दुकानात पाडली होती, पण उभा केलेला त्यांनी तेव्हाच पाहिला.

"काय वो बाई, पोट्टीनं बासरी बनवली का? एवढी मोठी फुंकनार कोन?"

लेक म्हणाली, "खाला, याच्यात पालक लावतो. माती नाई लागत. खाली टाकी, टाकीत खताचं पानी, मोटर पानी वरती नेते अन् ते आतून झिरपत खाली येते. मुळं त्याच्यातच पितात."

"बिना मिट्टीचा पालक! मंग चव कायची लागन, पायपाची?"

मी हसले, पण तोंडाला पदर लावून. मला चारचौघांत हसणंही मोठ्यानं जमत नाही.

आम्हाला शेत नाही. रिसोडच्या बाजारात माझे मालक मापाडी आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा, दिवसभर दुसऱ्यांचं धान्य त्यांच्या हातून जातं. मूठभर दाणे तळहातावर घेऊन अंगठ्यानं फिरवले की ओल किती, कचरा किती, ते सांगतात. घरीही त्यांची तीच सवय. भाताचं शीतही अंगठ्यानं फिरवून बघतात.

आमच्या घरात बाप-लेकीचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. दोघं एकाच चटईवर जेवत असतात, पण ते माझ्याकडे बघून म्हणतात, "सांग तुह्या पोरीले." मला सांगावं लागत नाही, तिनं ऐकलेलंच असतं. मग ती माझ्याकडे बघून म्हणते, "सांग बाबाले." मी दोघांच्या मध्ये भाकरी वाढत राहते.

पितृपक्षात एके दुपारी ते असंच म्हणाले, "सांग तुह्या पोरीले, पाहुने तयार हायेत. पोरगा चांगला हाय. तरी तिले या पायपाचं लय वेड असन तं दिवाळीपर्यंत पाहतो. दिवाळीले माह्या ताटात तिच्या पायपातला पालक दिसला तं पाहुन्यायले थांबा म्हनतो. नाई दिसला तं तुळशीच्या लग्नानंतर बोलनी."

लेकीनं माझ्याकडे बघून होकाराची मान हलवली. तिला एक वर्ष हवं होतं, फक्त एक. वर्षभरात गच्चीवर असे आठ पाइप उभे करीन, गावातल्या घरोघरी भाजी देईन, मग लग्नाचं बघा, असं ती मला भांडी घासताना सांगायची. मी ऐकून घ्यायची. तिच्या बाबाला मात्र मी काही सांगितलं नाही.

सर्वपित्रीला ती दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी अकोल्याला गेली. जाताना माझ्याजवळ बिया दिल्या. पालकाच्या काटेरी, कोथिंबिरीच्या दोन फाकी केलेल्या, आणि सलाडच्या पानाच्या, जिऱ्याचं टोक मोडावं इतक्या बारीक. वहीची दोन पानं भरून लिहून दिलं. घट बसतात त्या दिवशी पेरायचं. दोन दिवस झाकायचं. तिसऱ्या दिवशी, अंकुर दिसले की, झाकण काढून गच्चीवर उजेडात न्यायचं, जाळीच्या सावलीत. त्या ओळीखाली तिनं दोनदा रेघ ओढली होती.

"आई, हे तुह्यावरच हाय," ती म्हणाली. "मी येईपर्यंत रोपं बोटभर झाली पाहिजे. दसऱ्याले पायपात लावली तं दिवाळीले पालक निघते."

घट बसले त्या दुपारी मी खालांचं घमेलं मागून आणलं. त्यात नारळाच्या भुशाची वीट ठेवली, तिला कोकोपीट म्हणतात, आणि वरून पाणी ओतलं. वीट हळूहळू सुटू लागली. आवाज नाही, काही नाही, नुसती फुगत गेली, आणि बघता बघता घमेलं काठोकाठ भरलं. ओल्या लाकडासारखा वास आला. मी हात घातला तर आत गार आणि मऊ होतं. कितीतरी वेळ मी हात काढलाच नाही. बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्हीवर आरती चालू होती आणि मी मनगटापर्यंत त्या भुशात बुडून बसले होते.

लेकीनं आणून ठेवलेल्या ट्रेच्या एकेका खणात भुसा भरला. काडेपेटीची काडी ओली करून तिच्या टोकावर एकेक बी उचललं आणि खणात ठेवलं. ठेवताना मला शाळेतला कप आठवला. चौथीत बाईंनी सांगितलं होतं, फुटक्या कपात ओला कापूस ठेवून त्यात मटकी घाला. माझा कप कान तुटलेला होता. वर्गाच्या खिडकीत तो तिसरा. मटकीची साल फाटली, आतून पांढरी मान वाकून बाहेर आली, आणि सुट्ट्या लागल्या. पाचवी नाल्यापलीकडच्या गावात होती. मला पुढं पाठवलं नाही. कप खिडकीतच राहिला. मटकीला पानं आली का, किती आली, मी बघितलंच नाही.

मधल्या खोलीत देवाच्या कोपऱ्यात घट होता. त्याच्या शेजारी मी ट्रे ठेवले आणि वर टोपलं पालथं घातलं.

आता माझी चूक सांगते. दोन दिवसांनी मी टोपलं उचललं तर अंकुर आलेले होते. पालकाचे फिकट, वाकडे; कोथिंबिरीचे अजून यायचे होते. सलाडचे तर दिसतही नव्हते, खाली वाकून बघितलं तेव्हा दिसले, केसाच्या टोकाएवढे. वहीत लिहिलं होतं, उजेडात ने. मी ट्रे हातात घेऊन जिन्यापर्यंत गेले. गच्चीवर नवरात्रातलं ऊन होतं, चटका देणारं. मला ते इवले जीव उन्हात ठेववेनात. मी परत फिरले.

आणि दुसरीही एक गोष्ट होती. माझा घट आमच्या गल्लीत सगळ्यात उंच येतो. दरवर्षी येतो. घटाला ऊन दाखवत नाहीत, अंधारात तो पिवळा, सोन्यासारखा वाढतो, आणि जितका उंच आणि पिवळा तितकं वर्ष चांगलं, असं आम्ही मानतो. बायका बघायला येतात आणि म्हणतात, "तुमच्या हाताले हाय वो काही." मला आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीसाठी लोक ओळखतात. मला वाटलं, लेक वहीतून शिकली, मी हातानं शिकले. अंकुर वाढवायचं मला कळतं.

मग सात दिवस मी त्या खोलीत फार सुखात होते. दुपारी जेवणं झाली की दार लोटून बसायची. दिव्याची वात हलायची. खिडकीला ठोकलेल्या पत्र्याच्या एका भोकातून उन्हाचा कवडसा यायचा, भिंतीवरून सरकत कोपऱ्याकडे जायचा, पण घटापर्यंत पोचायच्या आधीच विझायचा. मी टोपलं थोडं उचलून बघायची आणि पुन्हा ठेवायची. घट वाढत होता, टोपल्याखालचंही वाढत होतं. रोज काल होतं त्याहून जास्त. ओल्या भुशाचा वास, धूप, कापूर, सगळं एक होऊन जायचं. कधी डोळा लागायचा. त्या डुलकीत मला वाटायचं की मीही कुठं तरी भुशात आहे आणि कुणीतरी वर टोपलं धरून माझी वाढ बघतंय.

लेकीचा फोन यायचा. "आई, उजेडात ठेवले ना?"

"हो," मी म्हणायची. दिवा आहेच की खोलीत, असं मनात म्हणायची.

"फोटो पाठव ना."

"मले नाई येत बाई ते."

येत होतं. खालांनी शिकवलं होतं.

नवमीला संध्याकाळी ती आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं टोपलं उचललं. मी मागं उभी होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण खांदे दिसत होते.

रोपं वीतभर झाली होती. दोऱ्यासारखे पांढरे देठ, टोकाला दोन पिवळी पानं, आणि सगळी एकमेकांच्या अंगावर आडवी पडलेली. घटातला गहू दाट असतो, तो एकमेकाला धरून उभा राहतो. यांना धरायला कुणी नव्हतं. मी रोज बघत होते, पण आडवं पडणं मला दिसलंच नव्हतं. मला फक्त लांबी दिसली होती.

"किती दिवस झाकून होते?"

"पहिल्यापासून."

"तू तं हो म्हनत होती, आई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती ट्रेपाशी बसली, एका रोपाखाली बोट धरून त्याला उभं केलं, बोट काढलं, ते पुन्हा पडलं.

"उजेड शोधत शोधत लांब होतात हे," ती म्हणाली. "वाढत नाई, शोधून राह्यलेत नुसते." मग उठून गच्चीवर गेली. वरती तिनं रिकाम्या पाइपाची मोटर चालू केली. पाणी पडल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला. कुणालाच न भिजवणारं पाणी.

दसऱ्याच्या सकाळी मालक आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून मधल्या खोलीत आले. दरवर्षी मी घटातले चार तुरे काढून त्यांच्या टोपीत खोवते आणि मग ते शिलंगणाला जातात. ते खाली वाकले आणि त्यांना ट्रे दिसले. एक रोप त्यांनी उपटलं, तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं फिरवलं.

"हे होय का शेत?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. लेक दारात उभी होती. "सांग तुह्या पोरीले, तिच्या मालात दम नाई. पाहुन्यायले बलावून घेतो."

नेमक्या तेव्हा खाला घमेलं न्यायला आल्या होत्या. त्याही दारातच थांबल्या.

मी खाली बघत होते. घटातले तुरे माझ्या हातात होते. लेक माझ्याकडे बघून काहीतरी सांगेल आणि मी नेहमीसारखी मधली होईन, म्हणून मी थांबले. पण तिनं सांगितलं नाही की आईनं केलं.

"तिचं नाई ते," मी म्हणाले. आवाज इतका लहान आला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "ते म्या केलं. तिनं लिहून देल्लं होतं, उजेडात ने म्हनून. म्या झाकून ठेवलं. घटासारखं. फोनवर तिले खोटंबी म्हनलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. खोलीत दुसरंच कुणी आहे आणि ते बोललं, अशा नजरेनं.

"पाहुन्यायले बलावू नका," मी म्हणाले. "तिले सालभर द्या."

"साल लय होते. होळीपर्यंत पाहू."

"सालभर."

खालांनी घमेलं कमरेवर घेतलं आणि म्हणाल्या, "भाईसाब, बाई बोलली! दोन वख्त बोलली! आता तं मानाच लागते. नाई तं अजून तिसरी बार बोलन, मंग घरात कोनाची खैर नाई."

लेक हसली. मालकांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. त्यांनी टोपी काढून माझ्यापुढं केली. मी गव्हाचे तुरे खोवू लागले. चौथा तुरा बोटांतून निसटून खाली पडला. तो उचलायला मी वाकले, तर ते म्हणाले, "राहू दे." आणि तळहातावरचं ते पालकाचं पिवळं, मऊ पडलेलं रोप त्यांनी स्वतःच्या हातानं तुऱ्याच्या जागी खोवलं.

"दसरा ते दसरा," ते म्हणाले. "मोजून."

आणि गेले. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांची पांढरी टोपी दिसत होती. गहू ताठ उभा, आणि त्याच्या शेजारी ते रोप कानावर वाकलेलं.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी पुन्हा बिया पेरल्या. या वेळी तिसऱ्या दिवशी मी स्वतः ट्रे गच्चीवर नेले, जुन्या पांढऱ्या ओढणीची सावली केली आणि जवळ बसून राहिले. रोपं जळाली नाहीत. देठ बुटके झाले, हिरवे, जाडसर. वीतभर काय, बोटभरही नव्हते. पालकाची पहिली दोन पानं गवतासारखी लांबट असतात, ती खरी पालकाची वाटतच नाहीत. मग एका सकाळी त्या दोघांच्या मधून तिसरं आलं. गोल, कडेला चुणी असलेलं. ओढणीतून ऊन गाळून त्याच्यावर पडलं होतं. मी कुणाला हाक मारली नाही. मान वाकवून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले. खालून कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली, तरी उठले नाही.

दिवाळीला ताटात पालक नव्हता. तो तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर निघाला, एक जुडी होईल एवढा. मी डाळ घालून केला. मालकांनी पहिला घास घेतला, नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग तुह्या पोरीले, भाजी बरी हाय."

लेक समोरच बसली होती. मी भाकरी वाढता वाढता म्हणाले, "तुमीच सांगा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. वर गच्चीवर मोटर सुरू झाली आणि पाणी पाइपातून हळूहळू खाली येऊ लागलं. मग त्यांनी मान वर केली आणि लेकीकडे बघितलं.