एका खोक्यात पाच कॉम्प्युटर

घोलवडच्या एका चिकू पॅकिंग हाऊसमध्ये कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता माझ्याकडे इतके किस्से साचलेत, की बायको म्हणते, "पगार बेताचा आहे, पण करमणूक भरपूर!"

आमच्याकडे पाच जुने सर्व्हर होते. वजन, प्रतवारी, पावत्या, हजेरी, कोल्ड रूम, प्रत्येकाला एकेक. दिवसभर जवळजवळ रिकामे, तरी वीज खायला पुढे! मी म्हटलं, एक दणकट सर्व्हर घेऊ आणि त्याच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरचेच पाच कॉम्प्युटर करू. जोडीला तसाच दुसरा ठेवू. पहिला बंद पडला, की पाचही दुसऱ्यावर चालू.

मालक हसमुखशेठ म्हणाले, "कर. पण चिकूची एक जरी गाडी अडली, तर तू घरी!"

माझी नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर, घरी नुकतं बाळ झालेलं. हसून "हो" म्हटलं आणि कामाला लागलो.

*

मग सगळ्यांना समजावायला बसलो. हायपरवायझर, होस्ट, रिसोर्स! वजनकाट्यावरच्या हर्षदाबेन सरळ जांभया द्यायला लागल्या.

तलासरीकडचे लहानूकाका आधी नर्सरीत कलमं बांधायचे. ते म्हणाले, "एकाच खुंटावर हापूस, केसर, राजापुरी बांधतो नाय का आपण? खुंट एक, फलां येगली. तेच ना?"

आता मीही तसंच सांगतो. हायपरवायझरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

*

आमच्याकडे प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटने नंबर घालायची पद्धत आहे. खुर्ची असो की क्रेट. पेंटर नव्या सर्व्हरपाशी आला आणि चक्रावला.

"नंबर पाच दिलेत, खोका एकच!"

"पाचही आत आहेत."

त्याने जाळीतून आत डोकावून पाहिलं. "आत ब्रश नाय जायचा, साहेब!" म्हणाला आणि बाहेरच एकाखाली एक पाच नंबर रंगवून गेला.

*

दसऱ्याला दर मशीनमागे एक नारळ फोडायचा. मी एकच आणला, तर लहानूकाका भडकले.

"पाच जण आत हायेत म्हणतोस ना? मग चौघांना उपाशी ठेवायचा?"

पाच नारळ फुटले. मी सर्व्हरपुढे टॉवेल पसरून उभा!

*

एकदा हर्षदाबेननी प्रतवारीची यादीच पुसून टाकली. रडायच्या बेतात होत्या. मी आदल्या दिवशी सकाळी साठवलेली नक्कल, म्हणजे स्नॅपशॉट चढवला आणि ते मशीन होतं तसं काल सकाळवर नेऊन ठेवलं.

त्यांनी डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाई, काल दुपारी सासूबाईंना जरा जास्त बोलले. तेवढं पण होईल का?"

*

सहा महिने भरले. शेठ म्हणाले, "चालू सर्व्हरची वायर मी स्वतः ओढणार. काम थांबलं नाही, तरच तू पक्का."

दारात गाडी भरून उभी. हर्षदाबेनची बोटं कीबोर्डवर. शेठ टेबलाखाली वाकले, चाचपडले आणि एक वायर जोरात ओढली.

सगळे हर्षदाबेनच्या स्क्रीनकडे वळले.

"चालू छे!" हर्षदाबेन ओरडल्या. "पावती निघाली!"

टाळ्या पडल्या. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. "उद्यापासून तू पक्का!" खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात पॅकिंगच्या सेवंतीताई खिडकीतून डोकावल्या. "भाऊ, तुमच्या यूपीएसवर आमचा टेबलफॅन लावलाय ना, तो कोणी बंद केला?"

शेठनी हातातल्या वायरकडे पाहिलं. मग दोन्ही सर्व्हरच्या लुकलुकत्या दिव्यांकडे.

लहानूकाका घाईने म्हणाले, "लाईट गेली, बाई!"

शेठच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता.