कार्डातलं आईचं पान

ग्रुपवरच्या भावांनो, हे आदिलाबादच्या दवाखान्यातून लिहितोय.

सकाळी भाकर थापताना माझ्या बायकोचा, सुनंदाचा, उजवा हात परातीतच थांबला. तोंड वाकडं झालं. वय फक्त चौतीस. शेजाऱ्याच्या गाडीत घालून भीमपूरहून इथं आणलं. मेंदूचा झटका होता. वेळेवर आणलं म्हणून वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणी बीपी वाढलं होतं का? कार्ड आहे?"

गरोदरपणात मिळालेलं, आई आणि बाळ दोघांच्या नोंदींचं कार्ड होतं. पण मी पडलो शाळामास्तर! शाळेत नाव घालायला कामी येईल म्हणून मुलीच्या लसींचं पान कापून लॅमिनेट केलं. आईच्या तपासणीची पानं चुलीत गेली. बाळंतपणानंतर बीपीची गोळी बंद झाली, तेव्हा बीपीही गेलं असं धरून चाललो. सात वर्षांत एकदाही तपासलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गरोदरपणी बीपी वाढलेल्या बाईला पुढे हार्टचा आणि झटक्याचा धोका जास्त असतो, तिचं बीपी दरवर्षी तपासायला पाहिजे.

सुनंदा पडल्या पडल्या ऐकत होती. जड जिभेनं म्हणाली, "लई वाढलं होतं. मी सांगतलं होतं तुमाले. तुमी पोटातल्या लेकराचं वजन विचारून राह्यले होते."

ते वजन मला आजही तोंडपाठ आहे.

तुमच्या बायकोचं तेव्हाचं बीपी तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?