पाळ नव्हे, पार

ज्या दिवशी मी गाव सोडलं, त्या दिवशी आमच्याकडे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू होती. माय बांधीतून, चिखलाच्या खाचरातून, तशीच धावत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांना चिखल, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी. ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. केशोरीहून अर्जुनीला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर जेमतेम थांबते. मी चढलो आणि माय खालून म्हणाली, "बस बोडीले फेरा घालते ना बाबू, मी आडव्या वाटेनं पारीवर येतो. तिकडून हात दाखवजो."

बोडी म्हणजे आमच्या घरामागचा लहान तलाव. त्याच्या मातीच्या बांधाला पुस्तकात पाळ म्हणतात. आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीत ळ कोणाच्या तोंडात बसतच नाही. डोळ्याचा डोरा होतो, जवळचं जवर होतं, आणि पाळीची पार होते. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ या एका अक्षराचा आहे.

मी फार बोलणारा माणूस नाही. पण तुम्ही जे गावातच राहिलात, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, नागपूरला, हैदराबादेला निघून गेलात, त्या सगळ्यांना हे सांगायला हवं. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते नेमकं कोणावर फिरलंय हे लिहिता लिहिता तरी कळेल.

आता मी चाकणकडे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. बायको इकडचीच. माझ्या तोंडी ळ येतो, ण येतो, 'काऊन'च्या जागी 'का' येतं. सुरुवातीला शिफ्टमधली पोरं माझं 'करून राहिलो' ऐकून हसायची. "काय करून राहिलास?" असं मुद्दाम विचारायची. मग मी ते बोलणं बंद केलं. मायचा फोन आला की आधी बाजूला जाऊन बोलायचो. नंतर बाजूला जायचा कंटाळा आला, म्हणून तिच्याशीही पुणेरीच बोलू लागलो. माझ्या फोनमध्ये तिचं नावसुद्धा 'आई' असं टाकलेलं. तोवर जन्मात मी तिला आई म्हटलं नव्हतं. पण स्क्रीन टेबलावर पडलेली असते, चार माणसं बघतात.

बाबा गेल्यापासून माय घरी एकटी असते. मागच्या दिवाळीत मी तिला मोठा फोन घेऊन दिला आणि माझ्या वैतागाला तिथून सुरुवात झाली. सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीत, खाटेवर बसून मी तिला तो फोन शिकवत होतो. बोटाचा ठसा घ्यायला गेलो तर फोन सारखा म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. माय म्हणाली, "त्याले सांग, हेच बोट हाय. दुसरं कोठून आनू?" शेवटी नऊ ठिपक्यांचा पॅटर्न ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर शेजारच्या तीन बायांना तो पॅटर्न पाठ. मायनेच शिकवलेला.

"अगं, लॉक कशासाठी असतं?"

"ते बी येतेत ना फोन लावाले. मी बांधीत असली त कोन खोलून देईल?"

मी म्हटलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही. ती म्हणाली, "उचलल्याबिगर ओरखीचा हाय का नाही, कसा समजल जी? कोनी अडला असल म्हनून करते ना." मी म्हटलं, ओटीपी कोणाला सांगायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणाला तरी नाही, लिंक आली तर हात लावायचा नाही. ती हो हो करत होती. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने माझ्या डोळ्यांदेखत उचलला आणि म्हणाली, "जयभीम, कोन जी?" पलीकडचा कसलंसं कर्ज देत होता. मायने त्याला त्याचं गाव विचारलं, जेवला का विचारलं, आणि आमच्याकडे औंदा धान कसं आहे तेही सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

धान विकल्याचे पैसे त्याच फोनला जोडलेल्या खात्यात पडतात, म्हणून माझा जीव वरखाली. मी म्हटलं, बघ, आता लोक दुसऱ्याचा आवाजही काढतात. मी आहे असं सांगून कोणी फोन केला तर? आपण एक शब्द ठरवू. तो सांगेल तोच मी. बाकी कोणी काही बोललं तरी ठेवून द्यायचं.

हे मात्र तिला आवडलं. ती थोडा वेळ बोडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पार."

"हाच कशाला?"

"तू गेला तवा मी पारीवर उभी नोहती का? तू खिडकीतून हात दाखवला होता. तुले याद राहील."

मी मान खाली घालून फोनच्या नोट्समध्ये तो शब्द टाकला. टाकताना सवयीने शुद्ध करून टाकला. पाळ.

मान खाली का घातली, ते आता सांगतो. मी हात दाखवला नव्हता. बसमध्ये गोंदियाच्या कॉलेजची पोरं बसली होती, टापटीप कपड्यांतली. बोडीच्या बाजूची सीट रिकामी असूनही मी मुद्दाम पलीकडे बसलो. बस वळली तशी पारीवरून मायची आरोळी आली, "बाबू गाऽऽ!" पोरं हसली. एक म्हणाला, "किसको बुला रही है ये?" आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याने गंमत म्हणून जोरजोरात हलवला. मी ऐकलं, पण वळलो नाही. रिकाम्या रस्त्याकडे असा बघत राहिलो, जणू तिकडे मोठं काहीतरी चाललंय. मायला दिसला तो हात त्या पोराचा होता. इतकी वर्षं तो माझा म्हणून तिने जपून ठेवला आणि आता त्याचाच पासवर्ड केला.

यंदा उन्हाळ्यात कंपनीच्या गेटवर उतरलो आणि खिसा चाचपला, तर फोन नाही. बसमध्येच कोणीतरी काढला होता. आता कबूल करतो आणि तुम्ही हसा. मायच्या फोनला कुलपं लावणाऱ्या या शहाण्याच्या फोनला स्वतःचं लॉक नव्हतं. स्टोअरमध्ये हात तेलकट असतात, सारखा पॅटर्न काढायचा कंटाळा, म्हणून काढून टाकलेलं. चोराला दारच उघडं मिळालं. आणि आत सगळ्यात वर, 'आई'.

शिफ्टमधल्या जोडीदाराने आपला फोन पुढे केला. तो म्हणत होता, आधी सिम ब्लॉक कर. माझ्या डोक्यात मायच. तिचा एकच नंबर मला पाठ आहे, कारण बटणांचा पहिला फोन तिला मीच अर्जुनीहून आणून दिला होता आणि नंबर तिने बदलू दिला नाही. भोवती चारजण उभे होते. मी लावला.

"जयभीम, कोन जी?"

अनोळखी नंबर, तरी उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.

"आई, मी बोलतोय."

"मी म्हंजे कोन?"

"अगं मी, सुधाकर. माझा फोन चोरीला गेलाय. माझ्या नंबरवरून काही मेसेज आला तर..."

"सुधाकरचाच मेसेज येऊन राहिला. आकडा सांग म्हनते. तू कोन होय मधातला?"

"आई, तो मी नाही! तो आकडा देऊ नकोस! दिलास का?"

"असंच म्हनतेत सारे. शब्द सांग."

मला तर सुटल्यासारखं झालं. बरं झालं ठरवून ठेवलं. मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "पाळ."

"काय?"

"पाळ. बोडीची पाळ."

"नोहे," माय म्हणाली आणि फोन ठेवला.

तुम्हाला माझी अवस्था समजते का? ज्याच्या हातात माझा नंबर, तो तिच्या लेखी मुलगा. आणि मी, तिच्या पोटचा, शुद्ध मराठीत बरोबर उत्तर देणारा, मी लबाड. सगळं मीच शिकवलं होतं. ती कधी नव्हे ते माझं ऐकत होती, आणि ऐकायला मुहूर्त हा निवडला होता.

पुन्हा लावला. पुन्हा उचलला.

"परत तूच का बे? माहा पोरगा पुन्यात राहते, त्यानं मले सारं शिकवून ठेवलं हाय. तुह्यासारखे लय पाहले. जवर असता त चपलीनं..."

"अवो माय!" माझा बांध फुटला. "काऊन आयकून नाही राहिली वो! कवाचा बोंबलून राहिलो मी! पार! बोडीची पार! तो आकडा त्याले देजो नको, नाही त धान गेलं समज साऱ्या सालभराचं! कायले अशी करून राहिली!"

जोडीदार तोंड उघडं टाकून बघत होता. पलीकडून मायचा आवाज, अगदी नेहमीचा.

"आता बोलला ना. मंगापासून कोन मास्तर बोलून राहिला होता?"

"दिला का आकडा?"

"नाही. चश्मा पाहून राहिली होती. चुलीजवर ठेवला वाटते. आकडे बारके राहतेत."

तिने आकडा दिला नव्हता. मी तिथेच गेटच्या कठड्यावर बसलो. तिला म्हटलं, तो मेसेज नीट वाचला असतास तरी कळलं असतं. त्यात 'आई' लिहिलं असणार. मी तुले माय म्हणतो.

"तू बी त चार लोकांत आईच म्हनते," ती म्हणाली. "मले वाटलं, कोनी बसलं असल बाजूले."

तिने ते रागाने म्हटलं नाही, एखादी सेटिंग सांगावी तसं सांगितलं. सिम ब्लॉक झालं, बँकेला कळवलं, नवा फोन आला. त्याला मी लॉक लावलं. पण ते वाक्य कुठे ब्लॉक करायचं ते कोणालाच विचारता येईना.

आठवडाभराची सुट्टी काढून गावी गेलो. सपरीत मायचा फोन पुन्हा मांडीवर घेतला. दिवाळीत मी बदलून दिलेला नवा पॅटर्नही शेजारच्या बायांना पाठ झालेला होता. मी फक्त बँकेच्या ॲपला वेगळं कुलूप लावून दिलं आणि म्हणालो, हे तेवढं तुझ्याकडेच ठेवजो. मग, फोनकडेच बघत, म्हणालो, "माय, तो हात माहा नोहता."

"कोनता?"

सांगितलं. पलीकडची सीट, पोरं, तिची आरोळी, सगळं. तिच्या हातात लाखोळीच्या डाळीचं सूप होतं. ते थांबलं. मला वाटलं आता रडेल. ती भडकली.

"मंग कोनाले हात दाखवून राहिली होती मी? बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. रोवनाऱ्या बाया थांबून होत्या तिकडं. तुह्या बाबाच्या शिव्या खाल्ल्या म्या. अन तू तिकडच्या खिडकीत!"

"चुकलं."

"चुकलं म्हंजे? लाजला होता ना? चिखलाची माय दिसली म्हनून?"

मी हो म्हणालो. ती डाळ पाखडू लागली, नेहमीपेक्षा जोरात. सगळी टरफलं माझ्या अंगावर आली. मी म्हटलं, आता शब्द बदलू. दुसरा काही ठेवू.

"कायले बदलाचा? तोच राहू दे. अन जाताना इकडच्या बाजूनं बसजो."

पुण्यात आमच्या सोसायटीच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे, फ्लॅटला ठशाचं. कुठेही आत जायला मला तोंड उघडावं लागत नाही. एकाच दाराशी अजून बोलावं लागतं, तेही ळ विसरून. ते दार माझ्यासाठी तेवढं घर, बाकीची राहण्याची जागा.

निघालो त्या दिवशी एसटी गच्च भरलेली होती. मी बोडीच्या बाजूच्या खिडकीपाशी बसलेल्या एका माणसाला विनवण्या करून उठवलं. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. बस वळली. पारीवर माय उभी होती, धुतलेल्या लुगड्यात, आणि कानाला फोन. माझा फोन वाजला.

"दिसून राहिली का मी?"

"दिसून राहिली वो माय."

"शब्द सांग."

भोवतीची माणसं ऐकत होती. मी आवाज खाली आणला नाही. "पार."

"बस झालं. आता ठेव तो फोन," माय म्हणाली. "फोनमंदी कायले बोलून राहिला? हात दाखव."