दोन-दोन प्रती

बोरिवलीत कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ती मुलगी दोन लेक्चरच्या मधल्या पाच मिनिटांत धावत यायची, सॅक पोटाशी, अर्धा वडापाव हातात. "काका, दोन-दोन काढा. पटकन, प्लीज!" एक प्रत तिची, दुसरी मैत्रिणीची. मैत्रीण कित्येक महिने हॉस्पिटलात होती. वर्गात तिची हजेरीही हीच लावायची, आवाज बदलून. एवढं सगळं तिने सांगितलं, पण दोघींचंही नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी ती चालत आली. "एकेकच काढा," म्हणाली.

मी वर पाहिलं.

"ती रविवारी गेली, काका. आणि आज सरांनी चुकून तिचा नंबर घेतला, तर माझ्या तोंडून 'प्रेझेंट' निघून गेलं. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. सरांनी पेन खाली ठेवलं."

मी मशीनकडे वळलो. कागद बाहेर आले तेव्हा कळलं, सवयीने मीही दोनचंच बटण दाबलं होतं. जास्तीचे कागद मी घाईघाईने लपवायला गेलो.

तिने हात पुढे केला. "द्या ते. वेगळे स्टेपल करा, नेहमीसारखे."