फीचा भाव करायला गेले

"आजी, हे मच्छी मार्केट नाही."

अंधेरीच्या त्या प्रायव्हेट कॉलेजात ॲडमिशनच्या काउंटरवरची मुलगी हे बोलली आणि मागे सोफ्यावर बसलेले आईबाप हसले. माझ्या शेजारी माझी नात प्राची. तिनं मान खाली घातली.

मी केलं होतं काय? फी ऐकली आणि सवयीनं म्हटलं, "एवढे नाय हां. नीट सांग." वेसाव्यात जन्म गेला माझा मासळी विकण्यात. पहिला भाव कुणी देतं का? तो बोलणं सुरू करायला असतो. मी आपली नऊवारी नेसून, अबोली माळून, बटवा मांडीवर घेऊन भाव करायला बसले. नवरीसारखी!

सगळे हसले, तसं माझ्याही तोंडावर हसू यायला लागलं. ते हसू मी ओळखते. नवी सून असताना मासळीची पाटी घेऊन बिल्डिंगींतून फिरायचे. एक बाई म्हणायची, "मागच्या जिन्यानं ये गं, लिफ्टला वास लागतो." मी बावळट खी खी हसायचे. वर दोन बोंबील जास्त टाकायचे. घरी येऊन नवऱ्याला तोऱ्यात सांगायचे, बाई किती मोकळं बोलते माझ्याशी! अशी अक्कल. बाईनं कानाखाली वाजवली असती तर विचारलं असतं, हात दुखला का हो?

या वेळी तोंड मिटलं. म्हटलं, "वर्ग दाखव."

"फी भरल्यावर दाखवतात."

"माझं गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून बघतं, मग पैसे काढतं."

"आजी, प्लीज. परवडत नसेल तर सरकारी कॉलेज आहे ना तुमच्यासाठी."

तुमच्यासाठी.

प्राचीला सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट लागली होती. स्वतःच्या मार्कांवर. घरात ती सीट कुणालाच नको होती. लांब आहे, भिंतींचे पोपडे निघालेत, मैत्रिणी सगळ्या इथे. माझा मुलगा होडी विकून ही फी भरणार होता. मीही मान डोलावली होती. महाग ते चांगलं!

मी उठले. "चल गं."

बाहेर प्राची रडली. "तू माझी लाज काढलीस, आजी." रिक्षात मधे बॅग ठेवून बसली.

तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. मुलगा पाठ करून जेवतो. सून ताट ठेवते नि जाते. माझ्याबरोबर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकाही म्हणतात, "म्हातारे, पोरीची वाट लावलीस."

काल एकटीच सरकारी कॉलेज बघून आले. वॉचमन म्हणाला, "कुठे, आजी?" म्हटलं, नातीचं कॉलेज बघायचंय. "जा ना मग." पोपडे खरंच निघालेत. आत मशीन चालू होतं, पोरींचे हात तेलानं काळे झाले होते. मी दारात उभी राहिले. कुणी हटकलं नाही. घरी येऊन हे सांगणार कुणाला?

होडी माझ्या नावावर आहे. मुलानं विक्रीचा कागद पुढे केला, मी सही केली नाही. करणारही नाही. परवा सरकारी कॉलेजातली सीट पक्की करायची आहे. प्राचीला माझी लाज वाटत असेल तर तिनं खुशाल पुढे चालावं, मी मागून येईन. पण जायचं तिथेच.